गल्लीभरच्या केसांवर वाढलेली जास्वंद

मी एक जुनी जास्वंद आहे. केस कापायच्या एका छोट्या दुकानाच्या दारात, पायरी आणि गटार यांच्या मधल्या दोन हात मातीत मी उभी आहे. माझं नेमकं वय मला सांगता येणार नाही. एवढं सांगते, की ज्या मुलांना खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून बसवावं लागायचं, ती आता आपल्या मुलांना घेऊन दुकानात येतात आणि त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

मित्रांनो, फुलझाड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे बाग येत असेल. माझ्या नशिबी बाग नव्हती. पण बागेतल्या झाडांना जे कधी मिळत नाही ते मला मिळालं. दुकानात, दारासमोरच्या भिंतीवर, एक मोठा आरसा आहे. दार उघडं असलं की मी त्यात पानापानासकट दिसते. माझी पहिली पालवी, पहिली कळी, पहिलं फूल मी स्वतः पाहिलं आहे. मी थोडी नटवी झाले असेन तर दोष त्या आरशाचा.

माझा जन्म झाला तो एका माणसाच्या विसरभोळेपणातून. जवळच्या शाळेत एक माळीकाका होते. एका सकाळी छाटलेल्या फांद्यांची मोळी खांद्यावर टाकून ते केस कापायला आले. मोळी दाराशी टेकवली, केस कापून घेतले, आरशात दोनदा पाहिलं आणि मोळी उचलून निघून गेले. एक फांदी मात्र मोळीतून निसटून पायरीवर राहिली. ती मी. अंगठ्याएवढी जाड, कमरेइतकी लांब आणि अंगावर एक पान नाही.

दुकानाच्या मालकांना गल्लीनं हळूकाका हे नाव ठेवलं होतं. कात्री उचलण्याआधी ते गिऱ्हाइकाच्या डोक्याभोवती एक पूर्ण फेरी मारायचे, मान डावीकडे कलती करायचे, उजवीकडे करायचे, आणि मग आरशातून विचारायचे, "किती ठेवू?" उत्तर मिळालं तरी पुन्हा जरा विचार करायचे. त्यांचं सगळ्यांत नेमाचं गिऱ्हाईक म्हणजे एक बसचालक. ते खुर्चीत बसल्या बसल्या कुरकुरायचे, "मी अख्खी बस गावाच्या टोकाला नेऊन परत आणतो, तोवर तुमचा एक कल्ला होतो."

"दोन्ही कल्ले सारखे हवेत ना?" हळूकाका म्हणायचे. "मग स्टिअरिंग सोडा आणि मान खाली घाला."

त्या दिवशी हळूकाकांना टॉवेल वाळत घालायला दोरी बांधायची होती. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसऱ्या टोकाला खुंटी हवी होती. त्यांनी मला उचललं, दाराजवळच्या ओल्या मातीत खोचलं आणि माझ्या गळ्याला दोरी बांधली. अशी माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी टॉवेलांची खुंटी म्हणून लागली. कामात मी फार काही चमकले नाही. टॉवेल ओले असले की मी वाकायचे, आणि हळूकाकांची बायको, जिला सगळे काकू म्हणत, मला पुन्हा सरळ करून म्हणायची, "हे लाकूड तुमच्यासारखंच आहे. जरा ओझं पडलं की कलतं."

तीन-चार आठवडे गेले. दुकानातलं पाणी रोज त्याच मातीत पडत होतं. एके सकाळी काकू टॉवेल काढायला आली आणि हातातले टॉवेल तसेच धरून उभी राहिली.

"अहो, बाहेर या. खुंटीला पालवी फुटलीय."

हळूकाका कात्री हातात घेऊनच आले. अर्ध्या कापलेल्या केसांचे बसचालकही गळ्याभोवतीचं कापड सावरत आले. तिघांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. दाण्याएवढी दोन हिरवी पानं होती, पण एवढं कौतुक नंतर हजार फुलं आली तेव्हाही माझं झालेलं मला आठवत नाही.

पुढच्या महिन्यात माळीकाका केस कापायला आले तेव्हा त्यांनी मला ओळखलं. "सुलटी खोचलीत हे हिचं नशीब," ते म्हणाले. "उलटी खोचली असती तर खुंटीच राहिली असती." मग त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. आत्ता हलवू नका, मुळ्या कोवळ्या आहेत. आधी गळ्यातली दोरी सोडा. दोन महिन्यांनी दाराच्या उजव्या अंगाला, जिथं दुपारपर्यंत ऊन असतं तिथं, कोपरभर खोल खड्डा घ्या. तळाशी विटांचे तुकडे टाका, म्हणजे पाणी साचून मुळं कुजणार नाहीत. जास्वंद काटक असते, तिला उपाशी राहता येतं, पण सतत पाण्यात पाय ठेवून उभं राहता येत नाही. वरची माती बोटाला कोरडी लागली की पोटभर पाणी द्या आणि मग दोन दिवस तिचं नाव काढू नका.

"आणि खत?" हळूकाकांनी विचारलं.

माळीकाका जमिनीकडे बघून हसले. खुर्चीभोवती सकाळपासूनचे केस पडले होते. "तुमच्याकडे तर खताचा कारखानाच आहे. पण वर पसरू नका. केसांची गादी तयार होते आणि पाणी वरच्या वर निघून जातं. मूठभर घ्या, मातीत नीट मिसळा, आणि विसरून जा. सावकाश कुजतात. हिला वर्षभर पुरतात."

"सावकाश चालेल," काकू म्हणाली. "घराण्याला शोभेल."

मित्रांनो, तेव्हापासून अख्ख्या गल्लीचे केस माझ्या मुळाशी आहेत. शिंप्याचे आहेत, दूधवाल्याचे आहेत, दवाखान्यातल्या डॉक्टरांचे आहेत. बसचालकांचे तर आधी काळे, मग करडे आणि मग पांढरे, असे तिन्ही रंगांचे आहेत. भांडण झालं म्हणून वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन सख्खे भाऊ या गल्लीत राहत होते. त्यांचेही केस माझ्यापाशी शेजारी शेजारी कुजले, आणि त्यांतून आलेल्या फुलाला कुणाचं फूल म्हणावं हे मला कधी कळलं नाही.

केस झाडून गोळा करायचं काम हळूकाकांच्या लेकीचं होतं. तिचं नाव छोटी. आता तिला चष्मा लागला आहे, पण गल्लीसाठी ती अजून छोटीच आहे. शाळेतून आली की ती लांब दांड्याच्या केरसुणीनं केस एका जागी आणायची, मूठभर उचलायची आणि माझ्यापाशी बसून मातीत कालवायची. वडील तिच्या मागे उभे राहून सांगायचे, "मुळाला धक्का लावू नकोस. हळू." दिवसभर कंगवा बुडवलेल्या वाडग्यातलं पाणीही ती मलाच घालायची. त्या पाण्यात फार तर चार केस तरंगत असायचे.

एकदा माझ्या कोवळ्या शेंड्यांवर पांढरी कीड पडली, कापसाचे कण चिकटल्यासारखी. पानं वळायला लागली. हळूकाकांनी आपला जुना दाढीचा ब्रश काढला, कपात साबणाचा पातळ फेस केला आणि फांदी न् फांदी घासली. जाणारे येणारे थांबून बघत होते.

"दाढी करताय झाडाची?" बसचालकांनी विचारलं.

"हो. आणि ही तुमच्यासारखी मध्ये बोलत नाही." त्यांनी मला स्वच्छ पाण्यानं धुऊन काढलं, पुसायचं तेवढं बाकी ठेवलं. तीन दिवस रोज दाढी झाली आणि कीड गेली.

दर वर्षी थंडी सरली की ते माझी छाटणी करायचे. आधी माझ्याभोवती एक फेरी, मग मान डावीकडे, मान उजवीकडे. मग आरशात माझ्याकडे बघून, अगदी गिऱ्हाइकाला विचारावं तसं, "किती ठेवू?" आत बसलेली माणसं हसायची. मला मात्र त्या प्रश्नाचा फार मान वाटायचा. झाडाला कुणी विचारत नाही हो. कापतात किंवा कापत नाहीत, विचारत नाहीत. आणि खरं सांगते, त्यांनी जितकी ठेवली तितकीच मला हवी असायची. जास्वंदीला फुलं नव्या फांदीवर येतात. जुनी फांदी कापल्याशिवाय नवी येत नाही. हे ज्याला कळतं त्याच्या हातात कात्री असावी.

ती माझी वैभवाची वर्षं. तळहाताएवढी लाल फुलं, रोज पंधरा-वीस. माझं फूल एका दिवसाचं असतं, संध्याकाळी ते मिटतं आणि पडतं. पण दुसरं तयार असल्यामुळे गल्लीला कधी कळायचंही नाही. नवीन माणसाला पत्ता सांगताना लोक म्हणायचे, "लाल फुलांचं झाड दिसलं की आत वळा." छाटलेल्या माझ्या फांद्या लोक मागून न्यायचे. या गल्लीत आणि पलीकडच्या दोन गल्ल्यांत माझ्या लेकीबाळी आहेत.

दिवस असे सरळ चालले असताना हळूकाकांचा उजवा हात थरथरू लागला.

पहिल्यांदा ते मलाच कळलं. फांदी धरलेल्या त्यांच्या बोटांतली थरथर माझ्या पानांपर्यंत पोहोचली. वारा नसताना पानं हलली. ते थांबले, हाताकडे पाहिलं, हात खिशात घातला. त्या वर्षी माझी छाटणी अर्धीच झाली.

छोटी तोवर मोठी झाली होती. एका मोठ्या दुकानात काम शिकून ती परत आली होती आणि वडिलांच्या शेजारी दुसरी खुर्ची टाकून उभी राहिली होती. केस वाळवायचं यंत्र आलं, केस रंगवायच्या वाट्या आणि ब्रश आले. आता बायकाही दुकानात येऊ लागल्या. दार दिवसभर उघडं राहायचं आणि मला आरशात अधिक वेळ मिळायचा. मी खूष होते.

मग तो दिवस आला. खुर्चीत बसचालक होते. आता ते निवृत्त झाले होते, पण सगळे त्यांना बसकाकाच म्हणत. हळूकाका त्यांच्या कानामागचे केस बारीक करत होते. हात हलला आणि कानाच्या पाळीला कात्री लागली. जखम फार नव्हती, पण पांढऱ्या कापडावर लाल ठिपके पडले.

"अहो, कान दोन आहेत मला," बसकाका म्हणाले. "एकाला ओरखडा आला तर काय बिघडलं? चालू द्या."

हळूकाकांनी पुन्हा कात्री उचलली. तेवढ्यात छोटी पुढे आली. तिनं वडिलांच्या हातातून कात्री काढून घेतली आणि राहिलेले केस कापून टाकले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी आरशात पाहिलं. मीही पाहिलं.

हळूकाकांनी अंगावरचा झगा काढला, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि दुकानाच्या मागच्या जिन्यानं वर घरी गेले. त्यानंतर ते खाली आले नाहीत.

मित्रांनो, छोटीच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे, कारण त्या संध्याकाळी ती माझ्यापाशी बसून बराच वेळ माती उकरत होती. वडिलांचा पुन्हा अपमान होऊ नये म्हणून तिनं कात्री घेतली होती. आणि हळूकाकांच्या मनात काय होतं तेही मला दिसत होतं. वरच्या खिडकीतून ते बघायचे, तेव्हा त्यांचा उजवा हात नेहमी डाव्या हातानं धरलेला असायचा. दोघांपैकी कुणीही त्याबद्दल एक शब्द काढला नाही. जेवण-खाण, आला-गेला, औषध-पाणी, सगळं बोलणं काकूच्या मार्फत व्हायला लागलं.

आणि इथून माझे दिवस फिरले.

छोटीनं मला टाकलं असतं तर मी एकवेळ तग धरला असता. काटक जात आहे माझी. पण तिनं मला टाकलं नाही. वडील वर बसले आहेत, तर त्यांची पद्धत तरी खाली चालू राहावी, म्हणून ती रोज दुकान आवरताना मूठभर केस माझ्या मातीत मिसळायची आणि दिवसभराचं पाणी माझ्या मुळाशी ओतायची. एक दिवस चुकवला नाही. पण मित्रांनो, आता ते केस रंगवलेले होते, औषधं लावून सरळ केलेले होते. ते पाणीही कंगव्याचं राहिलं नव्हतं. त्यात रंगाच्या वाट्या धुतलेल्या असायच्या. पहिल्या दिवशी मुळांना नुसती चुणचुण झाली. महिन्याभरात आग होऊ लागली. पानांच्या कडा करपल्या. कळ्या उमलण्याआधीच देठातून सुटून पायरीवर पडू लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण झाडाला बोलायला पानंच असतात, आणि मी ती एकेक करून टाकत होते.

वर हळूकाकांना माझा शेंडा दिसायचा.

"तिला सांग," ते काकूला म्हणाले, "झाडाच्या कळ्या गळतायत. पाणी घालत जा म्हणावं."

काकू खाली आली. "तुझे वडील म्हणतायत, कळ्या गळतायत. पाणी घालत जा."

"रोज घालते म्हणावं. एक दिवस खाडा नाही." छोटी वाटी धूत होती. "आणि त्यांना सांग, झाडाला माझा हात नकोय. त्यांचा हात गेला आणि झाडानं मान टाकली. मी काय करू?"

काकू जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. "अकरा पायऱ्या आहेत या. दिवसातून किती वेळा चढते-उतरते ते माझ्या गुडघ्यांना विचारा. एक वरून निरोप देतो, एक खालून देते. पोस्टात लागले असते तर आत्तापर्यंत मोठी साहेबीण झाले असते."

छोटी हसली नाही. तिनं ते वाटीतलं पाणी आणून माझ्या मुळाशी ओतलं, सगळं, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.

थंडी सरली तेव्हा माझ्या अंगावर सात पानं उरली होती. मी मोजली होती, आरशात.

त्याच सुमारास छोटीनं केस धुवायची एक मोठी खुर्ची घ्यायचं ठरवलं. ती आत जायला दार अरुंद पडत होतं. गवंडी येऊन माप घेऊन गेला. त्यानं दाराची चौकट पाहिली, पायरी पाहिली आणि मग माझ्या एका फांदीला हात लावला. ती काडकन मोडली.

"हे तर वाळलंय, ताई," तो म्हणाला. "उपटून टाकू. या बाजूनं दार आणि पायरी हातभर रुंद होईल. सुट्टीच्या दिवशी येतो."

छोटीनं मोडलेली फांदी गवंड्याच्या हातातून घेतली. "ठीक आहे," ती म्हणाली. मग आईकडे न बघता म्हणाली, "वर सांगू नकोस."

काकूनं आयुष्यात एवढा एकच निरोप पोचवायचा नव्हता, आणि तोच तिनं सगळ्यांत आधी पोचवला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी गवंडी कुदळ घेऊन आला. छोटी दारात उभी होती. गवंड्यानं कुदळ उचलली, तेवढ्यात आतल्या जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी. थांबणं. दुसरी पायरी. मी तो आवाज ओळखला. अकरा पायऱ्या उतरायला हळूकाकांना जितका वेळ लागला तितका वेळ गवंडी कुदळ खांद्यावर धरून उभा राहिला, आणि हे त्याचे उपकार मी विसरणार नाही.

ते बाहेर आले. पाच महिन्यांत त्यांचे केस मानेवर आले होते. आधी त्यांनी माझ्याभोवती फेरी मारली. मग खाली बसले, बुंध्याशी अंगठ्याचं नख लावलं आणि साल जराशी खरवडली. हात थरथरत होता, त्यामुळे ओरखडा वाकडातिकडा गेला. पण सालीखाली हिरवं दिसलं.

"मेलेली नाहीये," ते म्हणाले. "वरून वाळलीय. खालून जिवंत आहे."

मग त्यांनी चिमूटभर माती उचलली आणि नाकाशी नेली. कपाळाला आठ्या पडल्या. थोडी आणखी खालची माती काढली. ती जांभळट होती. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी लेकीकडे तोंड करून विचारलं, "हिला काय घालतेस तू?"

"तुम्ही घालायचात तेच," छोटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "केस आणि दुकानातलं पाणी. एक दिवस सोडला नाही मी. सगळं तुमच्यासारखंच केलंय."

हळूकाकांनी मातीचा हात तिच्यापुढे धरला. तिनं वास घेतला. दिवसभर तिच्या नाकात असणारा तो वास तिथं, माझ्या मुळाशी, येताच तिचा चेहरा उतरला. ती पायरीवर बसली.

"रंगाचं पाणी," ती म्हणाली. "मी हिला रोज रंगाचं पाणी पाजलं."

"माझ्यासारखंच केलंस, तिथेच घोटाळा झाला," हळूकाका म्हणाले. आवाजात राग नव्हता. "दुकान बदललं, तसं पाणी बदललं. हे मी तुला सांगायला हवं होतं. मी वर बसून राहिलो."

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मग आता दोघांनीही मला विचारा," दारातून काकू म्हणाली. "नुसतं बोलत बसणार, की झाडाचं काही करणार? आणि या भल्या माणसाचा खांदा भरून आलाय."

गवंड्यानं कुदळ खाली ठेवली. मला उपटायला आलेला तो माणूस दिवसभर माझ्यासाठी राबला. बिघडलेली माती त्यानं हलक्या हातानं वीतभर काढली. छोटीनं नळाच्या स्वच्छ पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतल्या. आधी जांभळट पाणी गटारात गेलं, मग मातकट गेलं, मग नितळ. मित्रांनो, ताप उतरताना तुम्हाला जसा घाम येतो, तसं मला झालं. मग गवंड्यानं शाळेतून बागेची चांगली माती पोतं भरून आणली. दार आणि पायरी डाव्या अंगानं रुंद करायचं ठरलं. डावं अंग होतंच तिथं, पण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आता छाटणी राहिली. वरची वाळकी लाकडं काढून गुडघ्याइतकं खोड ठेवायचं होतं. माझ्या फांद्या मनगटाएवढ्या झाल्या होत्या, कात्रीचं तिथं काम नव्हतं. गवंड्यानं आपली करवत दिली.

हळूकाकांनी बोटानं जागा दाखवली. "इथं काप. डोळ्याच्या वर, जिथून कोंब फुटतो तिथं, तिरकं."

छोटीनं करवत हातात घेतली, फांदीला लावली आणि थांबली. मग ती उठली आणि तिनं ती करवत वडिलांच्या हातात ठेवली.

हळूकाकांनी हात पुढे केला. हात थरथरत होता, करवतीचं पातं थरथरत होतं. "दिसतंय ना तुला?" ते हळूच म्हणाले.

"दिसतंय. करवत दुसरं काय करते, बाबा? पुढे-मागेच होते ना? तुम्ही धरा. फांदी मी धरते."

हळूकाका तिच्याकडे बघून हसले. त्यांना हसताना पाहून काकूनं तोंड वळवलं आणि उगाचच पायरी झाडायला घेतली.

ते माझ्यापुढे बसले. मान डावीकडे, मान उजवीकडे. दार उघडं होतं. आरशात मी होते, ते होते आणि फांदी धरलेली छोटी होती.

"किती ठेवू?" त्यांनी विचारलं.

मला बोलता आलं नाही. छोटीनं माझ्या वतीनं उत्तर दिलं, अगदी गिऱ्हाइकाच्या सुरात. "बारीक करा."

करवत चालू लागली. हळू.

संध्याकाळी बसकाका फिरायला निघाले आणि माझ्यासमोर थांबले. तीन बुटकी खोडं, एक पान नाही. त्यांनी कानाची पाळी चोळली. "आज हिचा नंबर होता वाटतं," ते म्हणाले. "मी स्वस्तात सुटलो." मग ते आत गेले आणि बाकावर हळूकाकांच्या शेजारी बसले. दोघं गल्ली सामसूम होईपर्यंत बोलत होते.

पुढचे आठवडे हळूकाका रोज खाली यायचे. ती नवी खुर्ची आली होती, दुकानात गर्दी असायची. ते दाराशी स्टुलावर बसून मातीत बोट घालायचे, ओल बघायचे. मधूनच आत बघून म्हणायचे, "छोटे, त्यांचा डावा कल्ला वर गेलाय." छोटी बघायची. गेलेला असायचा.

वाट बघण्याच्या चौतिसाव्या दिवशी माझ्या मधल्या खोडावर दाण्याएवढी दोन हिरवी पानं आली. पहिल्यांदा ती काकूनं पाहिली. "अहो," ती म्हणाली, "बाहेर या. खुंटीला पालवी फुटलीय."

मित्रांनो, आज माझी उंची पुन्हा दाराच्या कडीला लागली आहे. फुलं पूर्वीइतकी नाहीत, पण आहेत. माझ्याशेजारी छोटीनं एक बादली ठेवली आहे. तिच्यात फक्त नळाचं पाणी असतं. रंगाचं पाणी दुकानातच राहतं, आणि केस घालायचे तर ते साधे, न रंगवलेले, तेही हळूकाकांनी चिमटीत धरून पाहिल्यावर.

तुमच्या दारात माझ्यासारखं एखादं झाड असेल तर तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. त्याच्या मुळाशी काही ओतण्याआधी वास घेऊन बघा. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालून बघा. झाड वाळलेलं दिसलं तर कुदळ आणण्याआधी नखानं साल खरवडून बघा, खाली हिरवं असतं पुष्कळदा. आणि घरातलं कुणी वरच्या खोलीत गप्प बसून राहिलं असेल, तर निरोप धाडू नका. अकरा पायऱ्या असतील, पंधरा असतील, स्वतः चढून जा.

थंडी सरत आली आहे. उद्या माझी छाटणी आहे. करवत छोटीनं कालच धार लावून आणली. सकाळी जिन्यावर पावलं वाजतील, एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. मग मान डावीकडे, मान उजवीकडे, आणि तो प्रश्न.

मला घाई नाही. मी हळूकाकांच्या हातची आहे.